मे महिन्यात ब्रेकअप नको!

पंखा गरम हवा फेकतोय, तुमचा मेसेज वाचूनही समोरून तासभर उत्तर नाही. झालं, सटकली ना तुमची? दोस्तांनो, जरा थांबा! उकाड्यानं झोप उडते, चिडचिड वाढते. समोरच्याचीही तीच गत असणार. लोणावळ्याजवळचं वलवण धरण बघा. पावसाळ्यात साठलेलं पाणी पुढे पुरवून पुरवून वापरायचं. त्याच पाण्यावर खाली खोपोलीत १९१५पासून वीज तयार होते. मैत्री-प्रेमाचंही तसंच. चांगल्या दिवसांत साठवलेला ओलावा अशाच दिवसांत कामी येतो. म्हणून भरदुपारी भांडायचं नाही, ब्लॉक तर मुळीच करायचं नाही. संध्याकाळी वारा सुटला की सरळ फोन लावा. द्रोणभर करवंदं घेऊन भेटलात, तर अर्धं भांडण तिथंच मिटेल!