घाट, वजनकाटा आणि पोहे

घाटाच्या शर्यतीत नाव नोंदवलं की आपले सायकलवाले पहिलं काय करतात? पोळी बंद. मग भात. पंधरा दिवसांत रविवारचे पोहेसुद्धा. आणि मंगळवारी कॅन्टीनमध्ये काकडी चावत सांगतात, "दोन किलो उतरलं रे!" माझं स्पष्ट मत आहे की हा प्रकार उलटा चाललाय.

हलकं असण्याचा फायदा नाही असं अजिबात नाही. सपाटीला भांडण वाऱ्याशी असतं, चढावर गुरुत्वाकर्षणाशी. सिंहगडाचा गाडीरस्ता घ्या. चढ सोयीसाठी ५५० मीटर धरू. ७० किलोचा माणूस आणि बाटलीसकट १० किलोची सायकल. एवढं ओझं वर न्यायला साधारण ४३० किलोज्यूल लागतात. सलग २०० वॉटनी पेडल मारलं तर ३६ मिनिटं. (वारा आणि टायरचं घर्षण सोडून दिलंय, जाणकारांनी लगेच तुटून पडू नये.) एक किलो कमी झालं की २७ सेकंद वाचतात. पाच किलो म्हणजे सव्वादोन मिनिटं! मोह पडण्यासारखाच आकडा आहे.

पण त्याच गणितात वॉटसुद्धा आहेत, ते सगळे विसरतात. उपाशी राहून पाच किलो उतरवताना ताकद १० टक्क्यांनी घटली, म्हणजे २०० चे १८० वॉट झाले, तर तोच माणूस वर पोचायला साडेसदतीस मिनिटं घेतो. म्हणजे दोन-तीन महिने काकडी खाऊन दीड मिनिट उशीर.

आणि ते पहिले दोन किलो? शरीर कर्बोदकं ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवतं, चार-पाचशे ग्रॅम, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी. पोळी-भात तोडला की हा साठा आटतो, पाणी जातं, काटा खाली येतो. चरबी जवळपास जिथे होती तिथेच. टाकीतलं पेट्रोल काढून गाडी हलकी केली म्हणायचं, दुसरं काय.

आमच्या ग्रुपमधला एकजण ६६ किलोवरून ५८ वर आला. "काय बारीक झालास!" म्हणून सगळीकडे कौतुक. आता त्याला महिन्यातून दोनदा सर्दी, रात्री झोप नाही, आणि ज्या चढावर तो आम्हाला मागे टाकायचा तिथे तोच मागे. चिक्की पुढे केली तर म्हणतो, "नको, शर्यत झाल्यावर." शरीराला खेळासाठी आणि जगण्यासाठी मिळून पुरेल एवढी ऊर्जाच न मिळणं, या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये 'रेड-एस' असं नाव दिलं. यात हाडं कमजोर होतात, हार्मोन्स बिघडतात, मुलींची पाळी थांबू शकते. त्याला डॉक्टरकडे न्यायचं सोडून आपण त्याच्या डाएटचा चार्ट मागतोय, याचा मला खरा राग आहे.

वजन उतरवायचंच असेल तर शर्यतीच्या तीन-चार महिने आधी, आठवड्याला पाव ते अर्धा किलो, बास. तेही रात्री अकराचा पिझ्झा, बिअर, ऑफिसातले वाढदिवसाचे केक यांतून. सरावाच्या आधीचं आणि नंतरचं खाणं तोडायचं नाही. प्रोटीन दर किलो वजनामागे दीड ग्रॅमच्या आसपास हवं. नुसत्या वरणातून ते भागत नाही, त्यामुळे अंडी, पनीर, सोयाबीन, दही आलंच. सायकलवर दोन-तीन तास असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात २५-एक ग्रॅम मिळतात. महागडी जेल घ्यायलाच पाहिजे असं नाही, राजगिऱ्याचे लाडूही चालतात (फक्त चढावर धाप लागलेली असताना तोंडात टाकू नका, खोकून खोकून जीव जातो).

सोयीची गोष्ट म्हणजे पेडलवर जितके किलोज्यूल काम होतं, साधारण तितक्याच किलोकॅलरी शरीरात जळतात. म्हणजे एका सिंहगडाचे सव्वाचारशे तरी गेले. वर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही बिनधास्त खा, ते हिशोबात बसतं. कांदाभजीचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं.