मालिकेचा शेवट

दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात राबून सायंकाळी घरी परतलेल्या सोलापूरच्या कामगाराला घटकाभर करमणूक हवी असते, आणि तो त्याचा हक्कच आहे. म्हणून त्याच्यापुढे येणारी दूरदर्शनवरील मालिका कशी असावी, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

१९७२ साली मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे चिं. वि. जोशी यांच्या कथांतील चिमणराव व गुंड्याभाऊ त्या पडद्यावर अवतरले. त्यांची फजिती पाहून घरोघरी हसू लोटे. पण ते हसू निर्विष असे, कारण ज्याला त्याला तीत आपलाच भाबडेपणा दिसे. श्याम बेनेगल यांच्या १९८८ च्या ‘भारत एक खोज’ या मालिकेने तर हजारो वर्षांचा इतिहास अवघ्या ५३ भागांत उभा केला.

दुसरीकडे, २००१ साली सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २०१३ पर्यंत चालली. तिच्यातील माणसे अनेक कुटुंबांना आपलीशी वाटली. तेव्हा लांबी हाच काही दोष नव्हे. सांगण्यासारखे संपूनही कारस्थानांचे आणि गैरसमजांचे गुऱ्हाळ चालूच राहते, तेव्हा मात्र कोणतीही मालिका नीरस होते. उद्याची उत्सुकता उरते. आजचा आनंद उरत नाही.

चादरीची लांबी भरली की कुशल विणकर ती मागावरून उतरवतो. सूत शिल्लक आहे म्हणून विणतच राहत नाही. मालिका रचणाऱ्यांनीही हा संयम पाळावा. ते पाळत नसतील, तर प्रेक्षकाने खुशाल संच बंद करावा. कष्टाने मिळवलेली संध्याकाळ त्याची स्वतःची आहे.