बंदुकीचा परवाना आणि राज्याचे कर्तव्य

सीमेलगतच्या व दुर्गम भागांत राहणाऱ्या मूळ रहिवाशांना स्वसंरक्षणासाठी सढळ हाताने शस्त्रपरवाने देण्याची योजना आसामच्या मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये मंजूर केली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अर्ज स्वीकारण्याची व्यवस्थाही उभी केली. धुबरी, बारपेटा, गोवालपारा, मोरीगाव, नगाव आदी जिल्ह्यांचा या संदर्भात उल्लेख झाला. या भागांत मूळ रहिवासी अल्पसंख्य झाले असून त्यांना आपले घरदार सुरक्षित वाटत नाही, असे मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांचे म्हणणे आहे. ज्याला भय वाटते त्याच्या हाती शस्त्र द्यावे, हा विचार वरवर पाहता सरळ व पुरुषार्थाचा वाटतो. परंतु राज्य ज्या क्षणी नागरिकाला 'तुझे तू पाहा' असे सांगते, त्या क्षणी ते त्याला शस्त्र देत असते की आपली जबाबदारी त्याच्या गळ्यात बांधत असते, हा प्रश्न केवळ आसामपुरता उरत नाही. घरासाठी पहिली बंदूक घ्यावी काय आणि घ्यावी तर कोणती, असा विचार ज्यांच्या मनात डोकावतो असे सुशिक्षित गृहस्थ आज मुंबई-पुण्यातही आहेत. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शस्त्र बाळगणे हा भारतीय नागरिकाचा हक्क आहे काय, हा वाद जुना आहे. 1878 च्या शस्त्रास्त्र कायद्याने लॉर्ड लिटन यांच्या राजवटीने हिंदी प्रजेला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मात्र त्या बंधनातून मोकळे ठेवले. हा वंशभेद राष्ट्राच्या मनाला इतका झोंबला की, 1931 च्या कराची काँग्रेसने आपल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश केला. त्याच ठरावाचा आधार घेऊन हरि विष्णु कामत यांनी डिसेंबर 1948 मध्ये हा हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती घटना समितीपुढे मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला स्पष्ट विरोध केला. वाटेल त्याने बाजारात जावे आणि हवे ते हत्यार घेऊन यावे असा हक्क दिला, तर राज्यकारभार चालणार कसा, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. घटना समितीने ती दुरुस्ती फेटाळली. हे सर्व फाळणीच्या जखमा ओल्या असताना घडले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भयाची कारणे त्या वेळी कमी होती असे कोण म्हणेल? तरीही आपल्या घटनाकारांनी शस्त्र हा हक्क मानला नाही, ती सवलत मानली. अमेरिकेत हा मूलभूत हक्क आहे, आपल्याकडे तसा तो दिलेला नाही, याची आठवण सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी 2023 मध्ये करून दिली आहे.

तथापि आपला कायदा नागरिकाला सर्वस्वी निराधार ठेवतो, असे समजण्याचे कारण नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे तेरावे कलम जे बारकाईने वाचतील त्यांना त्यात एक मोठी सूचक गोष्ट आढळेल. नागरिकाने संरक्षणासाठी वा खेळासाठी, आतून गुळगुळीत व निदान वीस इंच लांबीची नळी असलेली बंदूक मागितली, तर त्याला अपात्र ठरविणारे कारण नसल्यास परवाना द्यावा, असे कायदा सांगतो. इतर शस्त्रांसाठी मात्र अर्जदाराला सबळ कारण असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणजे घराच्या रक्षणासाठी पहिले शस्त्र कोणते, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने सहा दशकांपूर्वीच देऊन ठेवले आहे. ते उत्तर म्हणजे बारा बोअरची लांब नळीची साधी बंदूक. ती खिशात मावत नाही, सदऱ्याखाली लपत नाही, लग्नाच्या मिरवणुकीत कमरेला मिरवता येत नाही. ती घरात राहते आणि घरासाठीच राहते.

आणि नेमकी हीच बंदूक आज प्रतिष्ठेची हौस असणाऱ्या अर्जदाराला नको असते! त्याला रिव्हॉल्व्हर हवे असते, पिस्तूल हवे असते. 2014 साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून .32 बोअरचे एक हलके रिव्हॉल्व्हर काढले आणि दिल्लीच्या त्या दुर्दैवी मुलीच्या नावाची आठवण होईल असे 'निर्भीक' हे नाव त्याला दिले. किंमत होती सव्वा लाखाच्या घरात. ज्या कामकरी मुलीला रात्री बसमधून एकटीने घरी यावे लागते, तिच्या आवाक्यात ही किंमत होती काय? घराच्या संरक्षणाचे शस्त्र आणि प्रतिष्ठेचे शस्त्र यांतील भेद असा नळीच्या लांबीवरून व किमतीवरून ओळखू येतो. परवाने देणाऱ्यांनी तो ओळखला पाहिजे, आणि मागणाऱ्यांनी तो स्वतःच्या मनाशी आधी ओळखला पाहिजे.

आता कोणते शस्त्र, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून ते घरात आल्यावर काय होते ते पाहू. शस्त्र भरून उशाशी ठेवले तर ते मुलांच्या, मद्यप्यांच्या, खिन्न मनाच्या माणसाच्या आणि रागाच्या भरातल्या कुटुंबप्रमुखाच्या हातापासून दूर राहत नाही. रिकामे करून, काडतुसे वेगळी ठेवून, कपाटात कुलूपबंद केले तर मध्यरात्री दार फुटण्याच्या क्षणी ते वेळेवर हाती लागेलच असे नाही. या पेचातून कोणत्याही कारखानदाराला पूर्णपणे सुटता आलेले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. घरातील बंदुकीला कुलूप लावण्याची वॉशिंग्टन शहराने घातलेली सक्ती त्याने रद्द केली, ती याच पेचामुळे. कायद्याच्या दृष्टीने तो निवाडा काहीही असो, त्या देशाचा मृत्युलेख मात्र वेगळेच सांगतो. 2023 साली अमेरिकेत बंदुकीने मेलेल्यांची संख्या 46 हजारांवर गेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. कॅलिफोर्नियातील 2 कोटी 60 लाखांहून अधिक प्रौढांची माहिती तपासून 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण ते न बाळगणाऱ्या पुरुषांच्या जवळजवळ 8 पट होते आणि स्त्रियांत ते 35 पट होते. ज्या चोरासाठी बंदूक आणली तो बहुधा येतच नाही. मात्र घरातल्या माणसाच्या आयुष्यात काळोखी रात्र कधी ना कधी येते, आणि त्या रात्री ती बंदूक घरातच असते.

चोर आलाच आहे असे ज्याला वाटते, त्याच्याही हातून काय घडते ते जगाने पाहिले आहे. दक्षिण आफ्रिकेचा विख्यात धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याने 14 फेब्रुवारी 2013 च्या पहाटे स्नानगृहाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत चोर शिरला आहे असे वाटले, हा त्याचा बचाव. आत होती ती त्याची प्रेयसी. वरिष्ठ न्यायालयाने अखेर त्याला खुनी ठरविले. तत्पूर्वी 1992 साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात एका सोळा वर्षांच्या जपानी विद्यार्थ्याने मेजवानीला जाताना चुकीच्या घराची घंटा वाजविली आणि घरमालकाच्या गोळीने त्याचा अंत झाला. घरमालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला, पण मुलगा परत आला नाही. अंधार, झोपेतून दचकून आलेली जाग आणि हातात भरलेले शस्त्र या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे शहाण्या माणसाचाही विवेक डळमळतो. त्यातून आपल्या शहरांतील घरे एकमेकांना खेटलेली. चाळीच्या पार्टिशनमधून पलीकडे गेलेली गोळी शेजाऱ्याच्या पाळण्यापाशी थांबेल अशी हमी कोण देणार?

आपल्याकडील कायद्याने आत्मरक्षणाचा हक्क उदारपणे मान्य केला आहे, हेही सांगितले पाहिजे. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत पूर्वीच्या दंडसंहितेतील तरतुदी बहुतांशी तशाच आल्या आहेत. सूर्यास्तानंतर घर फोडणाऱ्याचा, दरोडेखोराचा किंवा राहत्या घराला आग लावणाऱ्याचा प्रतिकार करताना त्याचा मृत्यू घडला, तरीही तो गुन्हा ठरत नाही. मात्र आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत मिळविण्यास अवसर असेल तेथे हा हक्क उरत नाही. पळणाऱ्या भुरट्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा गृहस्थ संरक्षक ठरत नाही, आरोपी ठरतो. परवाना मागणाऱ्या किती जणांना ही मर्यादा ठाऊक असते?

महाराष्ट्राचा अनुभव तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगर येथे पोलीस ठाण्याच्या आतच एका आमदाराने आपल्या प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप झाला. त्याच आठवड्यात दहिसरला एका माजी नगरसेवकाचा खून झाला आणि त्यासाठी हल्लेखोराने आपल्या अंगरक्षकाचे पिस्तूल वापरल्याचे पोलिसांनी सांगितले. बीड जिल्ह्यात डिसेंबर 2024 मध्ये एका सरपंचाची क्रूर हत्या झाल्यानंतर, त्या एकाच जिल्ह्यात बाराशेंहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले. मग कित्येक परवाने रद्द करण्याची धावपळ प्रशासनाला करावी लागली. जे परवाने रद्द करण्यासारखे होते ते मुळात दिले कोणी आणि कोणाच्या शिफारशीने, याचे समाधानकारक उत्तर जनतेला मिळाले पाहिजे. संरक्षणासाठी म्हणून दिलेली हत्यारे दहशतीसाठी वापरली गेली, तर कुंपणानेच शेत खाल्ले असे म्हणावयाचे.

याला एक रास्त आक्षेप घेता येईल. पोलीस ठाणे कोसभर दूर असताना एकाकी वस्तीवरील माणसाने काय करावे? आक्षेप खोटा नाही. जम्मूच्या डोंगराळ भागात दहशतवाद्यांनी गावेच्या गावे भयग्रस्त केली, तेव्हा 1995 पासून ग्रामसंरक्षण समित्या उभारून गावकऱ्यांना .303 रायफली द्याव्या लागल्या. जानेवारी 2023 मध्ये राजौरीजवळील ढांगरी गावावर हल्ला झाल्यावर ही व्यवस्था पुन्हा बळकट करण्यात आली. परंतु तेथे शत्रू सीमेपलीकडून पाठविलेला सशस्त्र घातकी होता आणि शस्त्र पोलिसांच्या नोंदीत व देखरेखीखाली होते. इतके असूनही त्या शस्त्रांच्या दुरुपयोगाचे गुन्हे नोंदले गेलेच. उलट छत्तीसगडमध्ये नक्षलवाद्यांविरुद्ध आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका देऊन त्यांना विशेष पोलीस म्हणून पुढे करण्याचा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2011 मध्ये घटनाबाह्य ठरविला. आपले काम नागरिकाच्या खांद्यावर टाकून राज्याला मोकळे होता येत नाही, हा त्या निर्णयाचा मथितार्थ आहे.

आसामच्या योजनेतील खरा धोका येथे आहे. परवान्याची पात्रता माणसाला असलेल्या प्रत्यक्ष धोक्यावरून न ठरता तो कोणत्या समाजाचा यावरून ठरू लागली, की शेजारी हाच शत्रू होतो. ज्या मोरीगाव जिल्ह्याचे नाव या योजनेच्या संदर्भात घेतले गेले, त्याच जिल्ह्याच्या आजच्या हद्दीत नेल्ली आहे. 18 फेब्रुवारी 1983 रोजी तेथे बंगाली वंशाच्या मुसलमानांची कत्तल झाली आणि सरकारी आकड्यांनुसारही दोन हजारांच्या आसपास माणसे, त्यांत बायका-मुलेच फार, मारली गेली. त्या दिवशी हल्लेखोरांच्या हाती मुख्यतः दाव व भाले होते. अशा भूमीत एका बाजूला बंदुका वाटणे म्हणजे दुसऱ्या बाजूला चोरट्या बंदुकांचा बाजार मांडून देणे होय. एका घराच्या दाराशी बंदूक आली की शेजारच्या घरालाही ती हवीशी वाटते आणि भयाला अंत राहत नाही. मूळ रहिवाशांचे भय खरे असेल, तर तेथे पोलीस ठाणी वाढवावीत, गस्त वाढवावी, सीमेचा बंदोबस्त करावा. ते महाग पडते व मते मिळवून देत नाही, एवढ्याच कारणाने त्याला बगल देता येणार नाही.

मग करावे काय? 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, हे योग्यच झाले. 2016 च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे. परंतु प्रशिक्षणाचा दाखला हा केवळ कागद न राहता खरी परीक्षा झाली पाहिजे. परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. तिच्या अखेरीस शिक्का मारून नूतनीकरण करण्यापूर्वी शस्त्र कोठे, कसे व कोणाच्या हाती आहे हे प्रत्यक्ष पाहिले जावे. घरातील इतर प्रौढांचे, विशेषतः पत्नीचे, म्हणणे स्वतंत्रपणे ऐकून घ्यावे. कारण त्या शस्त्राच्या सावलीत तिलाच राहावयाचे असते. संरक्षणासाठी मागणी असेल, तर कायद्याने सुचविलेली लांब नळीची बंदूक प्रथम द्यावी आणि रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याने प्रत्यक्ष धोका दाखवावा. जिल्ह्यात किती परवाने दिले आणि कोणत्या कारणांसाठी दिले, याची संख्या दरवर्षी प्रसिद्ध व्हावी.

राहता राहिले ते आमचे वाचक. त्यांस आमचे सांगणे एवढेच की, पहिल्या बंदुकीची निवड करण्यापूर्वी आपण कोणाला भितो, आपल्या घरात कोण कोण राहते आणि रागाच्या क्षणी आपण स्वतः कसे वागतो, या तीन प्रश्नांची उत्तरे स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावीत. मजबूत दार, चांगला अडसर, जिन्यातला दिवा, जागा शेजारी आणि 112 क्रमांकाला तत्परतेने प्रतिसाद देणारे पोलीस ही नागरी जीवनाची खरी शस्त्रे आहेत. यांतील पहिली चार आपली आपल्याला मिळविता येतात. पाचवे मात्र करदात्या नागरिकाने सरकारकडून हक्काने वसूल केले पाहिजे. ते मागण्याऐवजी आपण बंदूक मागत बसलो, तर सरकार ती आनंदाने देईल, कारण तिने त्याचेच ओझे हलके होणार आहे.