गॅस की डिझेल? आधी सांगा, माल घाट चढतो की उतरतो



बेळगाव-खानापूर पट्ट्यात ज्यांच्या घरी गोव्याच्या लाईनीवर गाडी आहे, त्या घरांत सध्या हा एकच वाद ऐकू येतोय. पोरगं म्हणतंय, "काका, गॅसची पिकअप घ्यालोय." आणि सोप्यावर बसलेले काका म्हणतायत, "घाटात गॅस? डिझेल नसेल तर ती गाडीच नव्हे!" पोरगं मोबाईलवर किलोमीटरचा हिशोब मांडतं, काका चोर्ल्याचं वळण आठवतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण प्रश्न चुकीचा धरून भांडतायत असं माझं स्पष्ट मत आहे.

डिझेलचा मान आपल्याकडे उगीच वाढलेला नाही. आपल्या मागच्या पिढीने पेट्रोलच्या जीपा पाहिल्या, मग त्याच जीपांना डिझेल इंजिन बसवून घेण्याची लाट पाहिली, मग मेटाडोर आली. डिझेल स्वस्त होतं, इंजिन दणकट होतं, आणि कमी फेऱ्यांवरच जोर देत असल्यामुळे चढाला गाडी रडत नसे. पण २०१४च्या ऑक्टोबरात सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले आणि स्वस्ताईचा तो जुना आधार डळमळला. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं. डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारा फिल्टर बसला. तो साफ राहायला गाडी अधूनमधून लांब आणि गरम पळावी लागते. शहापूर ते टिळकवाडी, टिळकवाडी ते खडेबाजार असं दिवसभर थांबत-थांबत हिंडणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि मग गॅरेजचं बिल येतं. म्हणजे गावातल्या वाटपाला डिझेल घेणं आता शहाणपणाचं राहिलेलं नाही. आपले बडोद्याचे पाहुणे म्हणतात ना, "आमच्याकडे सगळे गॅसवरच चालवतात," ते त्यांच्या सपाट रस्त्यांसाठी आणि तिथल्या पंपांसाठी अगदी खरं आहे.

आता घाटाकडे येऊ. गॅसचं दुबळेपण नेमकं कशात आहे? सीएनजी वायुरूप असतो. साध्या इंजिनात तो हवेबरोबर आत शिरतो, हवेची थोडी जागा खातो, त्यामुळे तेच इंजिन पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के कमी जोर देतं. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच, घाटमाथा त्याहून थोडा वर. तिथली हवा जरा विरळ, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाचा आणखी सात-आठ टक्के जोर जातो. डिझेल पिकअपला टर्बो असतो, तिला हे फारसं जाणवत नाही. काकांचं म्हणणं इथपर्यंत शंभर टक्के खरं.

पण मंडळी, एक साधी गोष्ट बघा. आपला माल जातो कुठल्या दिशेला? कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर सगळं रात्री बेळगावात भरायचं, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत घाट उतरायचा, आणि उजाडायच्या आत साखळी, म्हापसा, पणजी गाठायची. परत येताना हौद्यात काय असतं? रिकामे क्रेट! म्हणजे गाडी भरलेली असते तेव्हा उतरते आणि चढते तेव्हा रिकामी असते. डिझेलचा जो जोर बघून आपण डिझेलची गाडी घ्यायला तयार होतो, तो जोर या लाईनीवर फारसा कामालाच येत नाही. रिकामी पिकअप गॅसवरही केरीहून चोर्ल्यापर्यंत येते. एक-दोन गिअर जास्त टाकावे लागतील, पाच-दहा मिनिटं उशीर होईल, एवढंच.

याउलट, जो गोव्याहून नारळ, फरशी, लोखंड असा वजनदार माल वर आणतो, त्याने गॅसचा विचारही करू नये. त्याला डिझेलच हवं, तेही मोठ्या इंजिनाचं. आणि ज्या घरात एकच गाडी आहे, आज भाजी, उद्या सिमेंट, परवा लग्नाचा मांडव, तिथेही मी डिझेलच म्हणेन. ठरलेली भाजीची लाईन असेल तर मात्र पोराचं ऐका.

गॅस घेणाऱ्याने तीन गोष्टी आधी तपासाव्यात. पहिली, पंप. दोन्ही टोकांना गॅस मिळायला हवा. मधल्या जंगलात मिळेल या भरवशावर निघू नये. दुसरी, रांग. पंपावर तास गेला तर कोथिंबीर थांबत नाही, ती माना टाकते. तिसरी, वजन. सिलिंडर लोखंडी असतात, ते गाडीच्या पासिंगमधलंच वजन खातात. शिवाय सिलिंडरची ठरलेली तपासणी दर तीन वर्षांनी करावीच लागते. त्यात २०० बारच्या आसपास दाबाने गॅस भरलेला असतो, तिथे कानाडोळा चालत नाही.

आता खरी जोखमीची गोष्ट, जिच्यावर या वादात कुणीच बोलत नाही. उतार.

मालासकट तीन टन भरलेली पिकअप सहाशे मीटर खाली उतरते तेव्हा जवळजवळ पाच युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत पन्नास लिटर गार पाण्याला उकळी येईल. सगळा भार ब्रेकवर टाकला तर ती उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्येच जाते. आधी लायनरचा वास येतो, मग ब्रेक ऑइलला उकळी येते, आणि मग पॅडल फळीला लागतं. आपल्या वाडवडिलांनी कॅसलरॉक-कुळे रेल्वे पाहिली आहे. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट. त्या रुळांवर आजही चढताना जादा इंजिनं लावतात आणि उतरताना वेगावर कडक बंधन असतं. रेल्वेला जे १८८०च्या दशकापासून कळतंय, ते आपण डांबरी रस्त्यावर विसरतो. इंदूरच्या मंडळींना बिजासन घाटाचं नाव काढलं की हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि इथे गंमत अशी आहे की डिझेलवाल्यांचा समज उलटा पडतो. पेट्रोल किंवा गॅसच्या इंजिनात पाय उचलला की हवेची झडप मिटते, पिस्टनला पोकळीविरुद्ध ओढावं लागतं, आणि गाडी मागून कुणी धरल्यासारखी आवरते. डिझेलची मूळ रचना तशी नाही, म्हणून मोठ्या ट्रकांना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक देतात. लहान पिकअपला तो बहुधा नसतो. म्हणजे इंजिन मोठं आहे म्हणून आपोआप आवरेल, या भ्रमात कुणी राहू नये. गाडी गॅसची असो की डिझेलची, ज्या गिअरमध्ये ती भरलेली चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. जुने ड्रायव्हर हेच सांगत आले.

मात्र जुन्यांचीच एक सवय आता मोडायला हवी: इंधन वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे. आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधन आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जळतच राहतं. आणि कुणी इंजिनच बंद करून सोडलं, तर ब्रेकला मिळणारी मदतही चार-दोन दाबांत संपते. म्हणजे वाचत काहीच नाही, धोका मात्र पदरात.

माझं म्हणणं एवढंच आहे. गॅस घेऊन महिन्याला जे पैसे वाचतील त्यातला पहिला वाटा ब्रेकचा. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, लायनर झिजायच्या आधी बदला, टायर बघा. आणि दीड टनाच्या पासिंगवर अडीच टन भरणाऱ्या अडत्याला नाही म्हणायला शिका. जादा क्रेटचं भाडं दोनशे-चारशे रुपये मिळेल. पण रात्री दोन वाजता घाटात त्या गाडीत आपलंच पोरगं असतं, अडत्या घरी झोपलेला असतो.

तेव्हा शोरूममध्ये जाण्याआधी घरात बसून एका कागदावर लिहा: माल किती, कुठल्या दिशेला, महिन्यात किती फेऱ्या, पंप कुठे. गॅस की डिझेल याचं उत्तर त्याच कागदावर सापडेल. आणि ज्यांच्या घरी चोर्ला, अनमोड, आंबोली उतरवलेले जुने ड्रायव्हर आहेत, त्यांनी त्यांना विचारून खाली जरूर लिहा, भरलेली गाडी कुठल्या वळणाआधी कुठल्या गिअरमध्ये घ्यायचे. नव्या पोरांच्या कामाला येईल.