द्राक्षांच्या मुलखातली बिअर

इटलीत जेवायला बसलं की वाइनची यादी पानंच्या पानं चालते आणि बिअरला शेवटी, पाण्याच्या बाटल्यांशेजारी, दोन ओळी मिळतात. नुसतं ‘बिअर’ म्हटलं तर बहुधा पेरोनी किंवा मोरेत्ती समोर येते. दोन्ही एकोणिसाव्या शतकात इटलीत जन्मलेल्या; आज पेरोनी जपानच्या असाहीकडे आहे आणि मोरेत्ती हॉलंडच्या हायनेकेनकडे. पिझ्झाबरोबर ती थंडगार बिअर बरी लागते, पण ती कुठल्या गावची, हे चवीवरून सांगता येत नाही. शेजारशेजारच्या दोन टेकड्यांवरच्या वाइनमधला फरक जिथे लोक तावातावानं सांगतात, तिथे बिअरला गाव नसावं हे मला खटकायचं. म्हणून तिकडे गेले की मी तिथली स्थानिक बिअर शोधते. या शोधात माझं एक मत पक्कं झालं आहे: छोट्या ब्रुअऱ्यांमधली इटालियन बिअर इतकी चांगली झाली, ती त्या देशाच्या वाइनवेडामुळेच.

ही सगळी गोष्ट फार जुनी नाही. जर्मनी किंवा बेल्जियमसारखी शतकांची परंपरा इथे नव्हती. १९९६ हे वर्ष महत्त्वाचं. त्या एका वर्षात मिलानमध्ये ‘लाम्ब्राते’, कोमोजवळच्या लुरागो मारिनोने गावात ‘बिर्रिफीचो इतालियानो’ आणि पिएमोंतेतल्या पिओत्सो गावात ‘बालादिन’ अशा तीन ब्रुअऱ्या सुरू झाल्या. पिओत्सो हे हजारभर वस्तीचं गाव, आणि बारोलो वाइनचा मुलूख तिथून जवळच. अशा ठिकाणी तेओ मुस्सो या शेतकऱ्याच्या मुलानं बेल्जियन पद्धतीची बिअर करायला घेतली. पबमध्ये बिअर पिणारा तरुण त्याला पुरेसा वाटेना. त्याला जेवणाच्या टेबलावर जागा हवी होती. मग त्यानं पाऊण लिटरच्या, वाइनसारख्या दिसणाऱ्या बाटल्या भरल्या आणि त्या चांगल्या रेस्टॉरंटांकडे पाठवल्या. वाइनच्या दिमाखात आलेली बिअर लोकांनी वाइनसारखीच, सावकाश, वास घेत प्यायली.

लुरागोच्या आगोस्तिनो आरिओलीनं वेगळी वाट धरली. त्याची ‘तिपोपिल्स’ दिसायला साधी जर्मन धाटणीची पिल्सनर. पण आंबवण झाल्यावर, थंड टाकीत तो पुन्हा हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, घालतो. ही युक्ती इंग्लंडच्या एल बिअरची. पिल्सनरला ती लावायचा रिवाज नव्हता. त्यातून कडूपणा फारसा न वाढता फुलांचा, ओल्या गवताचा ताजा वास येतो. पुढे कॅलिफोर्नियातल्या फायरस्टोन वॉकर ब्रुअरीनं तिच्यापासून स्फूर्ती घेऊन आपली ‘पिव्हो’ काढली आणि आज जगभर ‘इटालियन पिल्सनर’ हा स्वतंत्र प्रकार मानला जातो. परंपरा नसल्याचा हा फायदा. ‘असं करत नाहीत’ म्हणणारं तिथे कुणी वडीलधारं नव्हतं.

मला सर्वांत जवळची वाटते ती द्राक्षं घातलेली बिअर. सार्डिनिया बेटावर, काल्यारीजवळच्या माराकालागोनिस गावात निकोला पेर्रानं ‘बार्ली’ या आपल्या ब्रुअरीत ‘बीबी टेन’ ही दाट काळी बिअर केली. तिच्यात कान्नोनाऊ या तिथल्या काळ्या द्राक्षांची ‘सापा’ पडते. सापा म्हणजे द्राक्षांचा रस आटवून केलेला पाक, आपल्या काकवीसारखा. बेटावरच्या घरांत तो गोडधोडासाठी पिढ्यान् पिढ्या करतात. पिएमोंतेत ‘लवरबिअर’चा वाल्तेर लोव्हेरिएर बार्बेरा द्राक्षं घालतो आणि त्यांच्या सालींवरच्या रानटी यीस्टकडूनच बिअर आंबवून घेतो. हळूहळू अशा बिअरचं एक कूळच झालं. २०१५ मध्ये बिअरच्या परीक्षकांसाठीच्या अमेरिकी नियमावलीत ‘इटालियन ग्रेप एल’ची नोंद झाली. ज्या द्राक्षांनी बिअरला कोपऱ्यात बसवलं होतं, त्याच द्राक्षांनी तिला स्वतःचं नाव दिलं.

अडचणीही खऱ्या आहेत. वाइनवर इटलीत अबकारी कर शून्य आहे, बिअरवर मात्र तो भरावा लागतो. २०१९ मध्ये वर्षाला दहा हजार हेक्टोलिटरपर्यंत बिअर करणाऱ्या छोट्या ब्रुअऱ्यांना त्यात चाळीस टक्के सवलत मिळाली, ती बऱ्याच उशिरा. हॉप्स अजूनही मोठ्या प्रमाणात परदेशातून येतात, त्यामुळे ‘स्थानिक’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो. आणि नाव झालं की मोठी कंपनी दार ठोठावते: लात्सिओतली ‘बिर्रा देल बोर्गो’ २०१६ मध्ये एबी इनबेव्हनं घेतली. त्याच वर्षी इटलीनं कायद्यात ‘बिर्रा आर्तिजानाले’ची, म्हणजे कारागिरी बिअरची, व्याख्या केली, हे मला मोलाचं वाटतं. ब्रुअरी छोटी हवी, दुसऱ्या कुठल्या ब्रुअरीच्या ताब्यात नको, उत्पादन वर्षाला दोन लाख हेक्टोलिटरपेक्षा जास्त नको, आणि बिअर पाश्चराइज किंवा सूक्ष्म गाळणीतून गाळलेली नको. मालकी मोठ्या बिअर कंपनीकडे गेली की ते दोन शब्द लेबलवर लावता येत नाहीत. गिऱ्हाइकाला याहून सरळ खूण काय हवी?

आपल्याकडून दरवर्षी कितीतरी लोक रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करून येतात. त्यांतले जे बिअर पितात, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. वाइन जरूर प्या, पण एक संध्याकाळ राखून ठेवा. रोममध्ये असाल तर त्रास्तेव्हेरेतल्या ‘मा के सिएते व्हेनूती आ फा’ या चिमुकल्या पबात जा. तिथल्या नळांवर काय आहे ते विचारा आणि पहिला घोट घेण्याआधी वास घ्या. लहान गावात असाल तर ‘इथली, याच भागातली बिअर आहे का?’ असं वाढप्याला विचारा आणि लेबलवर ‘बिर्रा आर्तिजानाले’ हे शब्द शोधा. बाटली महाग वाटेल, तरी घ्या. गिऱ्हाईक विचारत राहिलं, तरच दुकानदार ती ठेवत राहतो.