सदाफुली, कण्हेर आणि आईची गोळी

आमच्या बडोद्याच्या घरी गच्चीवर सदाफुली आणि कण्हेर शेजारी शेजारी आहेत. गेल्या महिन्यात कळलं, आई रोज अनशापोटी सदाफुलीची चार पानं चावून खाते. "साखरेवर चांगली असतात रे!" वर मधुमेहाची गोळी चालूच.

मी पडलो इंजिनीअर. आधी वाचलं, मग बोललो. मधुमेहावरचा हाच पाला कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५०च्या दशकात उंदरांवर तपासला. साखर उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातूनच व्हिनब्लास्टिन हे कर्करोगाचं औषध सापडलं. कण्हेर त्याच कुळातली, पण तिच्यातलं ओलिअँड्रिन थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. कूळ एक, रसायनं वेगळी.

"पण अँटिऑक्सिडंट असतात ना?" बहिणीने विचारलं. असतात. प्रयोगशाळेत डीपीपीएचच्या जांभळ्या द्रावणात अर्क घालतात. रंग जितका उडेल, तितकी ताकद जास्त. दोन झाडांची तुलना करायला हे छान, पण ही परीक्षा नळीतली. पान पोटात गेल्यावर काय करेल, किती खावं, हे ती सांगत नाही.

आईला डॉक्टरांकडे नेलं. "पानं खाता हे आधी का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही औषधं विचारली होती," आई म्हणाली. "हा तर पाला!"

पानं आता बंद आहेत, फुलं देवाला जातात. तुमच्याही घरी एकदा विचारा, गोळ्यांशिवाय आणखी काय चालू आहे ते.