री ओढण्याआधी

सुवेझ कालवा खणताना किती मजूर मेले, असे विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : एक लाख वीस हजार. २६ जुलै १९५६ रोजी कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा करताना इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासर यांनी हाच आकडा सांगितला होता. पण ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात हिरोडोटसनेही एक आकडा नोंदवून ठेवला आहे. नाईल नदी तांबड्या समुद्राला जोडण्यासाठी नेको राजाने काढलेल्या प्राचीन कालव्यात किती इजिप्शियन मेले, त्याचा. तोही एक लाख वीस हजारच! कालवे दोन, मध्ये सुमारे अडीच हजार वर्षे आणि मृतांचा आकडा अगदी तोच. हा योगायोग असेलही. पण लिहिणाऱ्याचा हात इथे थबकायला हवा.

अनेकांनी मिळून लिहिताना नेमके हेच राहून जाते. पडताळणी दुसऱ्याने केलीच असेल, असे प्रत्येकाला वाटते. मग एकाची री दुसरा ओढतो, आणि दहा ठिकाणी तेच वाचले की सांगोवांगीची गोष्ट सिद्ध झाल्यासारखी दिसू लागते.

सुवेझने हा धडा आधीच दिला आहे. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर दीडशेहून अधिक विद्वान गेले होते. त्यांच्यातील अभियंता लपेर याने १७९९ मध्ये मोजणी केली आणि निष्कर्ष काढला की, तांबडा समुद्र भूमध्य समुद्रापेक्षा सुमारे दहा मीटर उंच आहे. ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवले होते की, समुद्र जमिनीपेक्षा उंच असल्याचे कळल्यावर पर्शियाचा राजा दरायस याने त्या प्राचीन कालव्याचे काम सोडून दिले. जुने मत आणि नवे मोजमाप एकमेकांना दुजोरा देत होते. लाप्लाससारख्या गणितज्ञाला ते पटले नाही. तरी तो निष्कर्ष ‘देस्क्रिप्स्याँ द लेजिप्त’ या अनेकांनी सिद्ध केलेल्या भव्य ग्रंथात छापला गेला.

चूक कशी झाली असेल, हे लेव्हल घेणाऱ्या कोणालाही कळेल. एका जागी पट्टी उभी करायची, दुर्बिणीतून वाचन घ्यायचे, यंत्र पुढे न्यायचे, पुन्हा वाचन. प्रत्येक नवी उंची आधीच्या उंचीवर बेतलेली, त्यामुळे एका ठिकाणची चूक शेवटपर्यंत सोबत येते. तिला पकडायचे तर त्याच वाटेने उलट मोजत आरंभबिंदूपर्यंत यावे लागते. युद्धाच्या धामधुमीत, खंड पडत झालेल्या त्या मोजणीला ही सवड कुठली? १८४७ मध्ये नव्याने मोजणी झाली, तेव्हा दोन समुद्रांच्या पातळीतला फरक नगण्य निघाला. म्हणूनच १८६९ मध्ये खुल्या झालेल्या कालव्यावर पाण्याची पातळी सांभाळणारे एकही लॉकगेट आजही नाही.

संदर्भांचेही असेच असते. तळटीप मागच्या पुस्तकाकडे नेते, ते पुस्तक त्याच्या मागच्याकडे. या वाटेने उलटे चालत जाणारा कोणीतरी गटात हवा. तो चालला तर ‘आयडा’ची दंतकथाही टिकत नाही. कालव्याच्या उद्‌घाटनासाठी व्हर्दीने हा ऑपेरा रचला, असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला आणि ‘आयडा’चा पहिला प्रयोग कैरोत झाला तो २४ डिसेंबर १८७१ रोजी. कालव्याची लांबी मात्र कोणी १६४ किलोमीटर लिहितो, कोणी १९३, आणि दोघेही बरोबर असतात. पहिली मूळची, दुसरी आजची. तिथे चूक खोडायची नसते, साल जोडायचे असते.

ज्ञानकोशकार केतकरांपासून वाईच्या विश्वकोशापर्यंत अनेकांच्या हातांनी लिहिण्याची परंपरा मराठीला आहे. त्या परंपरेत बसायचे तर मजुरांच्या मृत्यूचे वाक्य कसे लिहावे? ‘एक लाख वीस हजार मेले’ असे नव्हे. ‘१९५६ च्या भाषणात नासर यांनी एक लाख वीस हजार हा आकडा दिला’ असे. शेजारी कालवा खणणाऱ्या कंपनीच्या वैद्यकीय अहवालांतले, कितीतरी कमी मृत्यू दाखवणारे आकडेही हवेत. आणि त्या अहवालांमागे कंपनीचे हितसंबंध होते, हेही. वेठीला धरून आणलेल्या त्या फेलाहिनांची, म्हणजे इजिप्शियन शेतकऱ्यांची, हयातीत कोणी धड मोजदाद ठेवली नाही. निदान आपण तरी त्यांच्या नावावर दुसऱ्यांचे मृत्यू मांडू नयेत.